दवाखान्याचा एक दिवस: नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना खुलं पत्र

निफाड, दिंडोरी, चांदवड, नाशिक आणि सिन्नर तालुक्यांतल्या माझ्या बागायतदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

फळासाठीच्या गोडी छाटणीच्या तारखा ठरायला लागल्यात. गिरणाऱ्याच्या बाजारात पहाटे पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या टोळ्या उतरतील. मुकादमांचे फोन सुरू झाले असतील, कुणाला किती उचल दिली त्याच्या वह्या निघाल्या असतील. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. एकदा छाटलेल्या काडीला डोळे फुटायची पेस्ट लागली की पुढचे चार-पाच महिने तुम्हाला मान वर करायला सवड नसते, हे मी लहानपणापासून पाहिलंय. मी निफाड तालुक्यातल्या बागायतदाराचीच मुलगी. थिनिंगची, म्हणजे घडातले जादा मणी काढायची, कात्री धरून बोटांना पडलेले घट्टे मलाही ठाऊक आहेत.

चौदा वर्षं मी एका तालुक्याच्या गावी सरकारी तपासणी केंद्रात समुपदेशक होते. एचआयव्हीची तपासणी करायच्या आधी आणि रिपोर्ट हातात आल्यावर माणसाशी बोलायचं, हे माझं काम. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि आतून लावून घेता येईल असं दार. त्या दाराआड जे ऐकलं ते बाहेर सांगायचं नसतं, आणि मी कधी सांगितलंही नाही. आज जे लिहिते आहे त्यात कुणाचं नाव नाही, गाव नाही, ओळख पटेल अशी खूणही नाही. फक्त माझ्या घरचं एक सांगणार आहे, तेही ज्यांचं आहे त्यांना विचारून.

मागणं एकच आहे. तुमच्या बागेत, शेडवर, पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी द्या. मजुरी न कापता आणि कारण न विचारता. आजारी असो की ठणठणीत, सगळ्यांना.

कशासाठी, ते सांगते.

एक बाई आठवते. डोंगराकडची होती, एवढंच पुरे. संक्रांतीच्या आसपास आली ती खोकतच. तिच्या गोळ्या चालू होत्या, दोन वर्षं अगदी नीट. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधाच्या, गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळतात, महिन्याच्या तीस. चालताना ती डबी खुळखुळते. टोळीतली पंधरा माणसं एका पत्र्याच्या शेडखाली झोपतात, तिथे खुळखुळणारी डबी कुणाच्याही कानावर पडते. म्हणून तिने गोळ्या काढून चिंधीत बांधल्या आणि तांदळाच्या पिशवीत खोल दडवल्या. त्या संपत आल्या तेव्हा बागेत डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम, चाललं होतं. तिने मुकादमाकडे एक दिवस मागितला. तो म्हणाला, "कसल्या गोळ्या आणायच्यात गं?" याला काय उत्तर द्यायचं ते तिला सुचलं नाही. ती घडाकडे वळली आणि काम करत राहिली. पुढची तारीख थिनिंगमध्ये गेली. त्यानंतर तिने मागणंच सोडलं.

माझ्यासमोर बसली तेव्हा टीबीने तिला धरलं होतं. एचआयव्ही असलेल्या माणसाचा सर्वांत जास्त घात टीबीच करतो. दोन्हींची औषधं सुरू केली, ती गावी गेली. पुढच्या हंगामात तीच टोळी पुन्हा आली, ती मात्र दिसली नाही. मुकादमाला मी विचारू शकत नव्हते. विचारलं असतं तर तिने इतकी जपलेली गोष्ट मीच उघडी पाडली असती. ती आहे की नाही, आजही मला माहीत नाही.

तो मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आता गोळ्यांची तारीख चुकली तर एवढं काय होतं, असं तुमच्या मनात येईल. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. डाऊनी या बुरशीसाठी फवारणीचं वेळापत्रक लावलंय, आणि मधली एक चुकली, किंवा पैसे वाचवायला कुणी अर्ध्या डोसने मारलं, तर काय होतं? बुरशी मरत नाही. उलट त्याच औषधाला सरावते. पुढे तुम्ही कितीही मारा, ते औषध लागू पडत नाही, आणि तुम्हाला महागडं दुसरं शोधावं लागतं. एचआयव्हीचं अगदी असंच आहे. गोळी रोज पोटात असेल तोवर विषाणू दबून राहतो. तो शरीरातून पुरता जात नाही, काही पेशींमध्ये दडी मारून बसतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो. आणि गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या असं होत राहिलं तर पहिलं औषध निकामी होतं.

गोळी नीट चालू असेल तर काय होतं, ते मात्र तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं नाही. रोजची एकच गोळी, टीएलडी म्हणतात तिला, आणि सरकारी केंद्रात फुकट. ती नेमाने घेणाऱ्या माणसाच्या रक्तात काही महिन्यांनी विषाणूचं प्रमाण इतकं खाली येतं की व्हायरल लोडच्या तपासणीत ते सापडत नाही. असं प्रमाण टिकलेल्या माणसाकडून त्याच्या जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. जगभर हजारो जोडप्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे ज्या मजुराची तारीख चुकत नाही, तो स्वतः तर जगतोच, शिवाय त्याच्यापासून पुढे रोग जात नाही. एड्स रोखण्याचं यापेक्षा खात्रीचं साधन आज आपल्या हातात नाही. आणि ते अडतंय कुठे, तर मजुराला एक दिवसाची सुट्टी मागता येत नाही तिथे.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले, पण माझ्या मनात ते रुजलं घरातल्या एका मरणाने.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, ट्रक चालवायचा. हंगामात द्राक्षं, एरवी कांदा, दिल्लीपर्यंत. 2001 साली त्याचं वजन उतरायला लागलं. कुणी कावीळ म्हणालं, कुणी बाहेरचं लागलंय म्हणून अंगारे आणले. नाशिकला एका खासगी दवाखान्यात रक्त तपासलं. त्याला न विचारता, न सांगता. रिपोर्ट त्याच्या हातात द्यायच्या आधी डॉक्टरांनी बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या काकांना मोठ्याने सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं.

काकूने त्याचं ताट, तांब्या, वाटी गोठ्याजवळ वेगळी ठेवली. तिचा त्याच्यावर फार जीव होता. रात्री ती रडायची आणि सकाळी ते ताट राखेने दोनदा घासायची. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होते. एकदा त्याने मला पाणी मागितलं, तर मी तांब्या त्याच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. त्याने तो पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. चौदा वर्षं त्या खुर्चीत बसून मी लोकांना सांगत राहिले की ताट-तांब्याने, हात लावल्याने, एकत्र जेवल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. आणि दर वेळी मला तो उंबरा दिसायचा.

त्याच वर्षी, 2001 मध्ये, आपल्याच मुंबईच्या सिप्ला कंपनीने गरीब देशांसाठी एड्सची तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरहून कमी दरात द्यायची तयारी दाखवली. सगळ्या जगात गाजलं ते. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे प्राण पुढे भारतात बनलेल्या गोळ्यांनी वाचवले. आणि मुंबईपासून चार तासांवर, निफाड तालुक्यात, दादा गोठ्याजवळच्या खाटेवर पडून होता. ती बातमीही आमच्यापर्यंत आली नाही, औषध तर दूरच. 2002 च्या पावसाळ्यात तो गेला. सरकारने एआरटी मोफत सुरू केली ती एप्रिल 2004 मध्ये.

वहिनीची तपासणी त्यानंतर झाली. तीही पॉझिटिव्ह निघाली. दोन वर्षांचा मुलगा निगेटिव्ह, हे आमचं नशीब. सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं, पण चूल वेगळी केली. तिने 2005 मध्ये मुंबईला जे. जे. रुग्णालयात जाऊन गोळ्या सुरू केल्या. दर महिन्याला पहाटेच्या गाडीने जायची, रात्री परत यायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या बागेत कामाला हजर. पुढे नाशिकलाच जिल्हा रुग्णालयात सोय झाली. वीस वर्षं झाली. वहिनी आज आहे, हातीपायी धड आहे, मुलाचं लग्न तिने स्वतः उभं राहून केलं. त्या वीस वर्षांत तिची एकही तारीख चुकली नाही, याचं एक कारण तुम्हाला सांगायलाच हवं. ज्यांच्या बागेत ती जायची, त्या मावशींनी पहिल्याच वर्षी तिला सांगितलं होतं, "महिन्यातला तुझा एक दिवस तुझा. कुठे जातेस ते मला सांगू नकोस, मी विचारायची नाही." त्यांना काय वाटलं होतं, किती कळलं होतं, कुणास ठाऊक. त्या आता नाहीत. माझं मागणं आहे ते त्यांच्या त्या एका वाक्याचंच.

पण त्यांनी तो दिवस एकट्या वहिनीला दिला होता. मी तो सगळ्यांना मागते आहे, आणि त्यात फरक आहे. एकालाच सुट्टी मिळाली की बाकीचे बोट दाखवतात. सगळ्यांना मिळाली की कुणीही उठून जातं, कुणी दातासाठी, कुणी लेकराच्या लसीसाठी, कुणी नुसतंच बाजारहाट करायला. त्या गर्दीत गोळ्यांना जाणारा झाकला जातो.

आणि फक्त गोळ्यांचंच नाही. टोळीत गरोदर बायका असतात, हे तुम्ही पाहता. हंगामात त्यांच्या तपासण्या राहून जातात. आईला एचआयव्ही आहे आणि औषध नाही, तर अशा शंभर बाळांपैकी 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. वेळेत कळून औषध चालू केलं तर हेच प्रमाण पाचाच्याही खाली येतं. या दोन आकड्यांच्या मध्ये काय आहे? वेळेवर झालेली एक रक्ततपासणी आणि रोजची गोळी.

आता जागृतीबद्दल बोलते. कारण तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं सरकार सांगतंय की.

सांगतंय खरं. 1986 साली चेन्नईत देशातली पहिली लागण सापडली, 1992 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रक्तपेढ्यांमधलं रक्त तपासून द्यायचं बंधन आलं, पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांकडून रक्त घेणं 1998 पासून बंद झालं. गावोगावी तपासणी आली. या सगळ्याचा उपयोग झाला. नवीन लागणीचं प्रमाण खूप खाली आलंय. पण सुरुवातीच्या त्या भिंती आठवा. कवटी, हाडं, काळा रंग, आणि एड्स म्हणजे मरण. आम्ही शाळेत असताना प्रभातफेरीत हेच ओरडायचो. तेव्हा औषध नव्हतं, त्यामुळे ते लिहिणाऱ्यांचा हेतू मी वाईट म्हणणार नाही. पण औषध आलं आणि भिंतीवरची कवटी कुणी पुसली नाही. ती लोकांच्या डोक्यात तशीच राहिली. माझ्याकडे येणारा माणूस रिपोर्ट ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा, "किती दिवस राहिले?" 2020 साली सुद्धा.

आणि भाषा! "असुरक्षित लैंगिक संबंध टाळा" हे वाक्य मी शेकडो वेळा छापील कागदावर पाहिलंय. घरी कोकणी ही डोंगराकडची आदिवासी बोली बोलणाऱ्या, शाळा चौथीत सुटलेल्या मुलाला त्यातलं काय कळणार? तो आजाराचं नावसुद्धा घेत नाही. "तो आजार", "मोठा आजार" म्हणतो. मी हळूहळू शिकले. त्याला विचारायचं, गाव सोडून चार महिने राहतोस, कुणाकडे जातोस का, निरोध वापरतोस का, आणि तो कसा वापरायचा हे कुणी दाखवलं का. बहुतेकांना कुणीच दाखवलेलं नसायचं. दरवर्षी 1 डिसेंबरला लाल फित लावून फेरी निघते, फोटो निघतात. नेमकं त्याच आठवड्यात ज्यांना ऐकायला हवं ते सगळे तुमच्या मंडपाखाली थिनिंग करत असतात. फेरी त्यांच्यापर्यंत जात नाही.

माहिती बांधापर्यंत वेळेत न आल्याने काय होतं हे आपण एकदा भोगलंय. 2010 साली आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशापायी. किती घरं त्या वर्षी कर्जात गेली! त्या रसायनाचा अंश तिकडे तपासला जाणार आहे हे इथल्या शेतकऱ्याला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं. तुमची त्यात चूक नव्हती, पण नुकसान तुमचंच झालं. त्यानंतर तुम्ही बदललात. आज प्रत्येक प्लॉटची नोंद आहे, नमुना प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट आल्याशिवाय कात्री लागत नाही. तपासणीची लाज वाटत नाही कुणाला. घडासाठी जे शिकलात ते माणसासाठी करणं तुम्हाला जड नाही, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर या पत्राचा उलटा अर्थ निघेल. हा मजुरांचा आजार नाही. डोंगरावरून येणाऱ्यांनी आणला, ट्रकवाल्यांनी आणला, असलं काही मला म्हणायचं नाही, आणि कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. माझ्या केंद्रासमोर गाडी न लावता दोन गल्ल्या सोडून लावणारे, टोपी खाली ओढून येणारे, दुसऱ्याच नावाने केस पेपर काढणारे कोण होते? आपलेच होते. वीस एकराचे मालक होते, त्यांची शिकलेली मुलं होती. आणि सगळ्यात जास्त त्यांच्या बायका होत्या, ज्यांनी आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणाकडे पाहिलं नाही आणि ज्यांना पहिल्या बाळंतपणात कळलं. देशात एचआयव्हीसह जगणारे पंचवीस लाखांच्या आसपास लोक आहेत. राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, जवळपास चार लाख. आणि देशभरात सुमारे पाचातल्या एकाला आपल्याला लागण झाल्याचं अजून ठाऊकच नाही. तो पाचवा माणूस बंगल्यातही असू शकतो आणि शेडमध्येही. म्हणून दवाखान्याचा दिवस मुनिमाला द्या, ड्रायव्हरला द्या, आणि स्वतःही घ्या.

एकदा मला एका पॅकहाऊसमधून फोन आला होता. माणूस सभ्य होता, बोलणं गोड. "मॅडम, आमच्याकडे सव्वाशे बायका कामाला आहेत, सगळ्यांची ती तपासणी करून टाका. गाडी पाठवतो. फक्त यादी मला द्या." मी विचारलं, यादीचं काय करणार? तो म्हणाला, "माल युरोपला जातो, धोका नको."

त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. द्राक्षातून एचआयव्ही जात नाही. कात्री लागून घडावर रक्ताचा थेंब पडला तरी खाणाऱ्याला लागण होत नाही. शरीराबाहेर पडला की हा विषाणू तग धरत नाही. एका बादलीत डिपिंग करून, एका हंड्याचं पाणी पिऊन, एकाच संडासात जाऊन कुणाला काही होत नाही. लागण होते ती निरोधाशिवायच्या संबंधातून, बाधित रक्तातून, सुई एकमेकांत वापरल्याने आणि आईकडून बाळाला. बस. आणि यादी? यादी कायद्याने मागताच येत नाही. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, नोकरीसाठी तपासणीची अट घालता येत नाही, रिपोर्ट मालकाला देता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा आहे. मोठी पॅकहाऊसं चालवणाऱ्यांनी हे आपल्या वकिलाला एकदा विचारून घ्यावं.

यादी मिळणार नाही म्हटल्यावर त्या माणसाने फोन ठेवला. गाडी आली नाही, शिबिरही झालं नाही. सव्वाशे बायकांची साधी हिमोग्लोबिनची तपासणीसुद्धा राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं. मी आणखी एकदा फोन करायला हवा होता.

शिबिर घ्यायचंच असेल तर असं घ्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवा. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, छातीची तपासणी असं सगळं ठेवा, त्यात एचआयव्हीची तपासणी ज्याला हवी त्याला. समुपदेशकाला बसायला दार असलेली खोली द्या, ती खत-औषधांची खोली असली तरी चालेल, झाडून द्या म्हणजे झालं. मुकादम आणि तुम्ही त्या दिवशी तिथे थांबू नका. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात. नुकताच धोका झाला असेल तर आजची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. हे समुपदेशक सांगेलच. पुरुषांच्या शेडमध्ये संडासाजवळ निरोधचा डबा ठेवा, सरकारकडून फुकट मिळतात. कोण घेतं ते बघायला कुणाला उभं करू नका. तुमचा माल न्यायला येणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरसाठी असाच एक डबा वजनकाट्यापाशी ठेवा. आणि कुणावर बळजबरी झाली, किंवा काही विपरीत घडून लागणीची भीती असेल, तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात औषध सुरू करता येतं, 28 दिवस घ्यावं लागतं. हे टोळीतल्या बायकांना माहीत असायलाच हवं. इथे सकाळची वाट बघायची नसते.

मुकादमांशी तुम्ही बोला. माझ्या बोलण्यापेक्षा तुमच्या एका शब्दाला तिथे वजन आहे. "दवाखान्याचा दिवस मागितला तर कसला दवाखाना हे विचारायचं नाही," एवढं सांगितलंत तरी पुष्कळ. दुसरं, उचल फिटेपर्यंत गाव सोडू द्यायचं नाही ही रीत कुठे चालू असेल तर ती मोडा. ती रीत माणसं मारते.

खर्चाचं म्हणाल, तर तुमच्या वहीतला मजुरीचा दर घाला, टोळीतली डोकी मोजा, हंगामाचे महिने धरा, आणि तो आकडा एका जादा फवारणीच्या बिलाशेजारी ठेवून बघा. आणि सगळे दर महिन्याला जाणार नाहीत. ज्यांचं औषध स्थिर आहे त्यांना केंद्रातून एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. मजूर मिळत नाहीत, अवकाळीने कंबर मोडलीय, भाव पडलेत, हे मला माहीत आहे. माझ्या भावाची बाग याच पावसाखाली आहे. तरीही मागते आहे. ज्या बागेत हा दिवस मिळतो ती टोळी पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार नाही, असं भाऊ म्हणतो. त्याने गेल्या हंगामापासून सुरू केलंय.

सरकारच्या वाट्याचं काम मी विसरलेले नाही. केंद्रातले समुपदेशक वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. 2022 साली गोळ्यांचा तुटवडा पडला तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांना दिल्लीत महिनाभराहून जास्त धरणं धरून बसावं लागलं. ते मागणं वेगळ्या पत्राचं आहे आणि ते मी लिहिणार आहे. पण हंगामात मजुराच्या दिवसावर हुकूम चालतो तो तुमचा. जिल्हाधिकाऱ्यांचा नाही, आरोग्यमंत्र्यांचाही नाही.

येत्या छाटणीआधी ठिकठिकाणी तुमची चर्चासत्रं होतील. वेलीच्या डोळ्यांची फूट, पाण्याचं व्यवस्थापन, नवीन वाण, सगळं होईल. त्यात मला वीस मिनिटं द्या. मानधन नको, हार-नारळ नको. मुकादमांना मात्र पुढच्या रांगेत बसवा. माहिती हवी असेल तर 1097 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. त्याचा कागद आपल्या शेडच्या दाराला आजच चिकटवा.

हे पत्र मी काल रात्री वहिनीला वाचून दाखवलं. तिच्याबद्दलचा भाग ऐकताना ती गव्हातले खडे निवडत होती. मी थांबले आणि विचारलं, हे काढून टाकू का? ती म्हणाली, राहू दे. मग बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुला बोलवलं कुणी, तर मी पण येऊ का? दोन शब्द मी पण सांगीन." वीस वर्षांत ती घराबाहेर हे बोललेली नाही.

आम्ही दोघी येऊ. कळवा.

आपली नम्र,
निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराची मुलगी
(माजी समुपदेशक, एचआयव्ही तपासणी केंद्र)
नाशिक